वाचक विचारतात : गमछ्याने कोळशाची धूळ अडते का?

प्रश्न : माझा भाऊ चंद्रपूरकडे भूमिगत खाणीत रूफ बोल्टिंगच्या (छत कोसळू नये म्हणून त्यात भोकं पाडून लोखंडी सळ्या ठोकायच्या) गँगमधे आहे, तोंडाला ओला गमछा बांधतो नि म्हणतो की काळी थुंकी पडते म्हणजे धूळ बाहेर जातेय, हे खरं का?

उत्तर : ताई, नाही हो. काळी थुंकी म्हणजे वरच्या नळ्यांत अडकलेली जाड धूळ, खरी भीती डोळ्याला न दिसणाऱ्या ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतल्या कणांची, ते गमछ्यातून आरपार जातात आणि थेट फुफ्फुसाच्या तळाशी बसतात. त्यातही भावाचं काम छतात भोकं पाडायचं, आपल्याकडे छत बहुतेक वालुकाश्माचं, म्हणजे कोळशासोबत सिलिकापण (वाळूच्या दगडातली बारीक धूळ) आली आणि ती जास्त घातक. म्हणून ड्रिलला पाणी चालू पाहिजेच, भोकातून कोरडी भुकटी न येता चिखल ओघळला पाहिजे, आणि हवा पाठीकडून येईल असं उभं राहायचं. पाणी नसेल तर ड्रिल सुरूच करू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतेय. मास्क एन९५ सारखा, म्हणजे बारीक कण अडवणारा हवा, पण दाढी असली की तोही कडेनं गळतो. आणि छातीचा एक्सरे टाळू देऊ नका, एकदा फुफ्फुस कडक झालं की औषधानं परत मऊ होत नाही.