‘माजां तारण गेलां काय?’

वेंगुर्ल्याच्या बाजूची २९ वर्षांची विवाहिता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाळ चार महिन्यांचं. रात्री बाळाला पाजताना प्रार्थनेत अचानक पवित्र आत्म्याबद्दल एक शिवी मनात आली. तेव्हापासून एकच प्रश्न: ‘माजां तारण (पापातून सुटका) गेलां काय?’ ‘प्रभू, मला तार’ हे ती दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणायची. मध्येच मन भरकटलं, की पुन्हा पहिल्यापासून. सलग तीन वेळा तिने प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि प्याल्याचा विधी, टाळलं होतं.

माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट, त्यामुळे उत्तरंही दोन. सासूबाई म्हणत, एकदा मिळालेलं तारण जात नाही. डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने (१६१८-१९) हेच शिकवलं, आधार बायबलमधला योहान १०:२८, येशूचे शब्द: माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. आई म्हणे, घोर पापाने कृपा जाते, कुमसार (फादरसमोर पापकबुली) करून ये. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेची (१५४७) शिकवण तीच. प्रोटेस्टंटांमधली मेथडिस्ट परंपराही विश्वासणारा पतन पावू शकतो असं मानते. हा वाद समुपदेशनाच्या खोलीत सुटत नाही, सोडवूही नये.

पण तिच्या प्रश्नाला दोन्हीकडे उत्तर एकच निघतं. घोर पापाला कॅथलिक शिकवणीत तीन अटी आहेत: बाब गंभीर हवी, पूर्ण जाण हवी, मनापासूनची संमती हवी. नको असताना घुसलेल्या विचाराला संमती कुठली? मार्क ३:२९ पवित्र आत्म्याच्या निंदेला अक्षम्य पाप म्हणतं, पण त्याचं कारण पुढच्याच ओवीत आहे: समोर घडणारं देवाचं काम बघूनही शास्त्री येशूला अशुद्ध आत्मा लागलाय म्हणत होते. इब्री ६:४-६ समजून-उमजून पाठ फिरवणाऱ्यांबद्दल आहे, आणि ९व्या ओवीत लेखक वाचकांना धीर देतो. लोक सहाव्या ओवीवर पुस्तक मिटतात, तिथेच घात होतो. पाठ फिरवलेला माणूस पहाटे तीनला रडत क्षमा मागत नाही.

मात्र बाळंतपणानंतर असं काही सुरू झालं, की वचनांआधी एक गोष्ट थेट विचारायची: बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का, तसे हुकूम देणारे आवाज ऐकू येतात का? उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी रुग्णालय. इथे ‘नाही’ होतं. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार होता: नको असलेला विचार पुन्हापुन्हा येतो आणि भीती घालवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते.

चूक प्रेमातूनच होत होती. सासरच्या चर्चचे पाळकसाहेब तिच्या प्रत्येक फोनला प्रार्थना करत. अर्धा तास बरं वाटे, मग भीती दुप्पट. प्रत्येक दिलासा मनाला शिकवतो, की धोका खरा होता, प्रार्थनेमुळे टळला. म्हणून पाळकांना समोर बसवून वरची वचनं एकदाच, एका पानावर लिहिली. पुढे तिने विचारलं की नवऱ्याने इतकंच म्हणायचं: ‘उत्तर कागदावर आहे, आता बाळाला घे.’ कागदसुद्धा दिवसातून एकदाच वाचायचा, नाहीतर तोच नवा जप होतो. विचार आला तर तो हाकलायचा नाही. ‘मला तार’ म्हणणं आधी १० मिनिटं लांबवायचं, मग २०, मग तासभर. सकाळ-संध्याकाळची नेहमीची प्रार्थना चालू, पण चुकली तरी परत नाही. आईलाही सांगितलं, कुमसाराला एकाच फादरकडे जाऊ दे. भीतीने पछाडलेल्यांना कॅथलिक परंपरेतला जुना सल्लाही हाच आहे.

पहिले दहा दिवस भीती वाढली. ती वाढतेच, आणि बहुतेक घरं तिथेच हार मानतात. नवऱ्याने मात्र वाक्य बदललं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी स्तनपानात चालेल अशी गोळी दिली. ओसीडीत तिचा पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात.

अकराव्या आठवड्यात ती प्रभुभोजनाला गेली. प्याला हातात असतानाच तो विचार आला. तिने प्याला ओठाला लावला. गोळी अजून चालू आहे, जप दिवसाला दोन-तीनवर आलाय.