क्रोशेसाठी आलेखाचा कागद: आधी तुकडा विणा

क्रोशेची नक्षी आलेखावर आखताना एक खण म्हणजे एक टाका. पण चौकोनी खणांचा तयार आलेखकागद घेऊन त्यावर गुलाब काढू नका. सिंगल क्रोशेचा, म्हणजे क्रोशेतला साधा आखूड टाका सहसा उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे कागदावरचा गोल गुलाब विणल्यावर चपटा होतो.

ज्या लोकरीने आणि ज्या सुईने काम करणार, त्यानेच एक तुकडा विणा. जरा मोठाच विणा, कडेचे टाके ओढले जातात म्हणून मधले १० सेंटिमीटर मोजा. समजा १६ टाके आणि २० ओळी आल्या, तर एक टाका ६.२५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर उंच. म्हणजे प्रमाण ५:४. खण त्याच मापाचा हवा असं नाही, ५ बाय ४ मिलिमीटरही चालेल. प्रमाण मात्र सोडू नका.

एक्सेलमध्ये आखत असाल तर पेज लेआउट दृश्यात जा. एरवीच्या साध्या दृश्यात स्तंभाची रुंदी आणि ओळीची उंची वेगवेगळ्या एककांत असते, आणि नवीन माणूस तिथेच हमखास अडतो.

दर दहाव्या रेघेला जाड करा, मोजताना डोळे वाचतात. ओळींचे आकडे खालून वर घाला. उजव्या हाताने, दर ओळीनंतर काम उलटवून विणणार असाल तर विषम ओळींचे उजवीकडे, सम ओळींचे डावीकडे.

फिले क्रोशेची, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या खणांनी नक्षी उठवणाऱ्या क्रोशेची जाळी बहुधा चौकोनाच्या जवळ जाते, तिथे साधा आलेखकागद चालून जातो. तरी मोजाच.