फ्लेक्स उतरवा, वजनकाटा आणा

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातला शेतकरी. मुलगा बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी त्याने घरामागे जुन्या कुकरमध्ये प्लास्टिक तापवून पेट्रोल तयार केलं. चार वेळा मिळून ३ किलो प्लास्टिक घातलं, २ लिटर पेट्रोल निघालं, त्यावर मोटरसायकलही चालली. पाच किलोचा गॅस सिलिंडर संपला तरी पठ्ठ्या मागे हटला नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला आणि एसटी स्टँडसमोर ‘बालशास्त्रज्ञ’ म्हणून फ्लेक्स लागला, तो अजून आहे. अकरावीत केमिस्ट्रीला ९१, गणिताला ५८. त्याला पर्यायी इंधनाच्या संशोधनात घालायचं आम्ही नक्की केलं आहे, वेळ पडली तर एक वर्ष ड्रॉप घेऊ. पण हल्ली प्रयोगाचा विषय काढला की तो उठून बाहेर जातो. पेटंट कसं घ्यावं आणि कॉलेज कोणतं बघावं?

उत्तर : तुम्ही मार्क कळवलेत, पण माझं लक्ष त्या फ्लेक्सवरून हलेना. सतरा वर्षांच्या पोराला गावाने शास्त्रज्ञ ठरवून टाकलं. आता उद्या त्याच्या लक्षात आलं की प्रयोगात काहीतरी जमत नाहीये, तर त्याने ते सांगायचं कुणाला? संशोधनात ‘माझं रीडिंग चुकलं’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा बोलावं लागतं. ज्याचा फोटो स्टँडसमोर लागलाय त्याच्या तोंडून ते निघणार नाही. तो उठून जातो ते बहुतेक याच्यामुळे. शिवाय ‘आम्ही नक्की केलं आहे’ असं तुम्ही लिहिता, पण त्याला विचारल्याचं पत्रात कुठे नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स आठवड्यात उतरतात, हाही उतरवा.

आता तुम्ही कौतुकाने लिहिलेले आकडेच बघू. २ लिटर द्रवाचं वजन साधारण दीड किलो भरतं. घातलं होतं ३ किलो. राहिलेलं दीड किलो गेलं कुठे? काही वायू होऊन उडालं, काही मेण होऊन नळीत चिकटलं, काही काजळी होऊन तळाला बसलं. यातलं किती, ते कुणी तोललं का? गॅसचा हिशोब त्याहून वाईट आहे. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे पाच किलोचे २३०. तयार झालेल्या दीड किलो तेलात ६५च्या आसपास. एवढी उष्णता जाळून तेवढंच हाती आलं. मोठे प्लांट जमतात त्याचं एक कारण म्हणजे ते प्लास्टिकमधून सुटणारा वायूच भट्टीत जाळतात. घरामागे तो हवेत गेला. आणि मोटरसायकल किती मिनिटं चालली, टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये आधीचं पेट्रोल किती होतं, हेही लिहून ठेवायला हवं होतं. मुलाची चूक काढत नाहीये मी. हा हिशोब त्याच्याकडून करून घेण्याऐवजी मोठ्यांनी हार घातले, माझी तक्रार त्याबद्दल आहे.

मोठा गैरसमज ‘प्लास्टिकपासून पेट्रोल’ या शब्दांतच आहे. निघतं ते पेट्रोल नसतं. पेट्रोल, डिझेल आणि मेण यांच्या मधलं सगळं एकत्र आलेलं ते तेल असतं. त्यातली बरीच संयुगं हवेशी क्रिया करून गोंदासारखी चिकट होतात आणि इंजिनाच्या बारीक वाटा बुजवतात. म्हणून ते ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून वाफ थंड करून, वेगळं करावं लागतं, हायड्रोजन देऊन स्थिर करावं लागतं. प्लास्टिक कोणतं, यावरही सगळं ठरतं. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन ४००-५०० अंशांला तुटून तेल देतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी घातलं तर घट्ट आम्लं होऊन नळीत जमतात. पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा गेला तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो धातूही खातो आणि फुप्फुसही. आणि हे नवीकरणीय तर मुळीच नाही, कारण प्लास्टिकमधला कार्बन जमिनीखालच्या तेला-वायूचाच. कचऱ्याचा उपयोग म्हणून त्याला किंमत आहे. डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियममध्ये २०१९ साली दिवसाला एक टन प्लास्टिकपासून डिझेल करणारा प्लांट सुरू झाला. त्यामुळे पेटंटचा विषय सोडून द्या, ही पद्धत कित्येक दशकं माहीत आहे.

कुकरचा प्रयोग आजपासून बंद. मेण गार होऊन नळी बुजते, आत दाब चढतो, खाली शेगडी पेटलेली असते. पुढे काय होतं ते लिहायची गरज नाही.

केमिस्ट्रीत ९१ आहेत म्हणून केमिकल इंजिनीअरिंग, हे गणितही तपासून घ्या. त्या शाखेत रसायनशास्त्र थोडं आणि हिशोब फार : किती वस्तुमान आत गेलं, किती बाहेर आलं, उष्णता कुठून कुठे गेली, पाइपात प्रवाह कसा वाहतो. दुसऱ्या वर्षापासून डिफरन्शिअल इक्वेशन पाठ सोडत नाहीत. सीईटीच्या २०० मार्कांत १०० एकट्या गणिताचे आहेत. तेव्हा या वर्षी मेहनत गणिताच्या त्या ५८ मार्कांवर करायची, ड्रॉपचं आत्ता बोलूच नका. मार्ग नेहमीचेच : सीईटी किंवा जेईई, मुंबईची आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था), लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि मग पीएच.डी. ‘रिन्यूएबल एनर्जी’ नावाची चकचकीत पदवी बारावीनंतर लगेच घेऊ नये, आधी पाया पक्का करावा असं माझं स्पष्ट मत आहे. गणित नाहीच जमलं तर बी.एस्सी. करून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकता येतं. तो काही कमीपणा नाही.

खरं तर पर्यायी इंधन उसाच्या रूपात तुमच्या शिवारातूनच रोज ट्रॅक्टरने साखर कारखान्यावर जातंय. ओळखीने तिथली डिस्टिलरी, म्हणजे अल्कोहोल काढण्याचा विभाग, बघायची परवानगी काढा, मुलाला एकट्याला पाठवा आणि त्याने तिथल्या केमिस्टला दोन प्रश्न विचारावेत. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या वर का जात नाही, आणि पेट्रोलमध्ये मिसळण्याआधी उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने (पाणी धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांनी) कसं काढतात? मळीपासून एक लिटर अल्कोहोल निघताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागे उरणारं सांडपाणी, निघतो, त्याचं हा कारखाना काय करतो? बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, का परवडत नाही, हा तिसरा प्रश्न केमिस्टला वेळ असेल तर. साखर सुटावी म्हणून बगॅस फोडताना फरफ्युरल नावाचं रसायन तयार होतं आणि त्याने आंबवणारं यीस्ट मंदावतं, तिथे अजून भरपूर काम बाकी आहे. घरी आल्यावर तो तासभर बोलत राहिला तर केमिकलचा विचार करा. गप्पच राहिला तर त्याला दुसरं काय आवडतं ते विचारा, आणि उत्तर ऐकून लगेच काही नक्की करू नका.

तो कुकर भंगारात द्या. घासला तरी पुन्हा त्यात डाळ शिजवायची नाही.