रेव्हेलच्या १/७२ फ्लॉवर क्लास कॉर्व्हेटच्या (दुसऱ्या महायुद्धातली छोटी युद्धनौका) किटला आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर चालणारं करायचंय, मोटर कोणती आणि बॅटरी केवढी घेऊ?

३८५ साइजची साधी ब्रशवाली मोटर आणि ६ व्होल्टची बॅटरी, विषय संपला. खरी बोट एका स्क्रूवर (पाण्यातल्या पंख्यावर) १६ नॉट जायची. मॉडेलसाठी त्या वेगाला स्केलच्या, म्हणजे ७२ च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ मीटर. त्याहून जोरात पळवली की नाक वर करते आणि कॉर्व्हेट वाटतच नाही.

मोटर चुकली तर बदलता येते. डेकबद्दल तुम्ही एक अक्षर विचारलेलं नाही आणि माझी बोट डेकपायीच बुडता बुडता राहिली, म्हणून लिहायला बसलो.

किट कॅनडाच्या 'स्नोबेरी'चं आहे. पण याच वर्गातल्या काही बोटी रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं नाव होतं 'महरट्टा'. मी तेच नाव रंगवलं. सात महिने रात्री जेवणं झाली की बसायचो. डेक बसवायची वेळ आली तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "पूर्ण चिकटवून टाक. झाकणच नसेल तर पाणी जाईल कुठनं?" मला मधला भाग उचलता येईल असा ठेवायचा होता. दादा वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, त्याच्यापुढे मी गप्प बसलो. चार्जिंगची वायर चिमणीखालून बाहेर काढली आणि डेक सील केला.

रंकाळ्यावर पहिली वीस मिनिटं बोट देखणी चालली. मग वळताना जरा जास्तच कलायला लागली. मला वाटलं, असेल. या वर्गाच्या बोटी ओल्या गवतावरसुद्धा डोलतील असं त्यांचे खलाशीच म्हणायचे. तिसऱ्या वळणाला कलली ती परत उठलीच नाही. लाल तळ वर करून तरंगत राहिली. गळ टाकून बसलेल्या एका काकांनी दोरी फेकून ओढून दिली.

घरी आणून हलवली तर आत डबडब आवाज. पाणी काढायला जागाच नाही! शेवटी हॅक्सॉच्या पात्याने डेक कापला. ग्रीस मिसळलेलं दुधाळ पाणी निघालं, पातेल्यात मोजलं तर दोन वाट्या.

दादा आजही प्रत्येक गणपतीला सांगतो की वरचा भाग जड झाला, शिसं कमी पडलं. साफ चूक. खऱ्या बोटीचं वजन सुमारे ९४० टन. त्याला ७२ च्या घनाने भागा, अडीच किलो येतात. माझी बोट काट्यावर बरोबर तेवढी होती आणि वॉटरलाइनवर बसत होती. इमर्जन्सी लाइटमधली सीलबंद बॅटरी तळाला आडवी झोपवली होती, बाजूने टायर बॅलन्सिंगची शिशाची वजनं. बोट उलटवली ती आतल्या मोकळ्या पाण्याने. बोट कलली की ते सगळं कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी खाली दाबतं. तळ जितका रुंद आणि सपाट तितकं वाईट. मधोमध लांबीला एक उभी पट्टी चिकटवली असती तरी हा परिणाम चौथाईवर आला असता.

पाणी शिरलं पंख्याच्या शाफ्टच्या नळीपाशी. तिथे मी पॉलिश पेपर न मारता इपॉक्सी लावलं होतं. पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, ते तसं धरत नाही. निघालेला तुकडा जपून ठेवलाय, त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत आहे. ही चूक माझीच. पण डेक उघडता आला असता तर पाचव्या मिनिटाला चमचाभर पाणी दिसलं असतं आणि तिथेच थांबलो असतो. दादा, पाणी शिरणारच. ते दिसायला हवं, एवढंच मी तेव्हा म्हणत होतो.

तेव्हा चिमणी, 'बोट डेक' (होड्या ठेवायचा वरचा डेक) आणि खालचा डेकचा तुकडा असा एक अखंड भाग उचलता येईल असा करा. भोकाभोवती आतून सेंटीमीटरभर उंच कठडा उभारा, झाकण त्यावर बसू दे. तळ्यावर दर दहा मिनिटांनी उघडून बघा आणि सोबत स्पंज ठेवा. पहिली चाचणी लहान मुलांच्या हवेच्या टबमध्ये घ्या, बोट ८७ सेंटीमीटरची आहे, मावते.

बॅटरीचं राहिलंच. ४ ते ४.५ अँपिअर-अवरची घ्या. लिथियम घेतलीत तर ती हलकी असते, वजनातली तूट शिशाने भरा, तेही अगदी तळाशी. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही, रिसीव्हरची अँटेना वॉटरलाइनच्या वर न्या. आणि हे सगळं १/७२ पुरतं. कोणी १/३५० ची फ्लेचर डिस्ट्रॉयर आरसी करायला सुचवलं तर ऐकू नका. ती ३३ सेंटीमीटर लांब आणि साडेतीन सेंटीमीटरसुद्धा रुंद नाही, स्केलप्रमाणे वजन ६० ग्रॅमच्या आत. त्यात मोटर, बॅटरी, सुकाणू फिरवणारा सर्व्हो कुठे घालणार?