हॉरर ट्रेलरला आनंदी गाणं लावलं तर लोक हसतील का? की गाणं स्लो करून लावू?

हसू देत की. सुरुवातीला हसले नाहीत तर गाणं चुकलंय समजा. पण ते स्लो करायचं जे तुम्ही म्हणताय, आणि खाली पियानो टाकायचा, ते कृपा करून करू नका, आता सगळे तेच करतात, आणि तसं केलं की भुताने दारातच ओळखपत्र दाखवल्यासारखं होतं.

मी एका लो बजेट मराठी सिनेमाचा ट्रेलर कापत होतो. वाडा, नवी सून, परसात काहीतरी पुरलेलं. माझ्या डोक्यात लगेच भोंडला आला. 'अक्कण माती चिक्कण माती, खड्डा तो खणावा', पहिल्याच ओळीत खड्डा! आणि पुढे 'अस्सं सासर द्वाड बाई, कोंडू कोंडू मारितं', हे पोरी हत्तीभोवती फेर धरून हसत हसत म्हणतात आणि सगळं लक्ष खिरापतीकडे. अजून काय पाहिजे? आत्याला गायला सांगितलं तर म्हणाली देवीच्या दिवसातली गाणी भुताखेतांना कशाला देतोस, आणि संध्याकाळी तीच शेजारच्या बायका गोळा करून गच्चीवर हजर. मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली, तीही ठेवली मी.

कट असा होता की आधी अंगणातला खराखुरा भोंडला, फुल स्पीड, मग गाणं तसंच चालू आणि शॉट बदलत जातात, सून आतून दार ठोठावतेय आणि गाण्याला त्याचं काहीच नाही. 'कोंडू कोंडू'वर आवाज बंद, ओळ पुरी होऊच द्यायची नाही. मग नुसती कुदळ.

प्रोड्यूसर म्हणाले हे हळदीकुंकू वाटतंय. साउंडवाला त्यांच्या बाजूने. रात्रीतून गाणं ८० टक्के स्पीडला ओढलं, म्हणजे पिच जवळपास चार सेमीटोन खाली, आमची आत्या बाप्या वाटायला लागली, वर रिव्हर्ब म्हणजे आवाजाला घुमारा, पियानो आणि शेवटी तो ट्रेलरमधला ठरलेला दणदणीत 'ब्रॅम' आवाज. रिलीज झाल्यावर लोक हसलेच, फक्त कुदळीच्या शॉटला.

तो साउंडवाला अजून मला 'अस' (Us) या हॉलिवूडच्या हॉरर सिनेमाचा ट्रेलर दाखवतो, २०१८ च्या ख्रिसमसला आलेला, की बघ त्यांनीही गाणं बदललंय. अरे बदललंय, पण आधी ते १९९५ चं रॅप गाडीत बसलेल्या कुटुंबाला मजेत ऐकू दिलंय ना! ओळख झाल्याशिवाय बिघडवणार काय? आणि 'इन्सिडियस' या हॉरर सिनेमामध्ये तर टायनी टिमचं १९६८ चं गाणं घरातल्या रेकॉर्ड प्लेअरवर सरळ वाजतं, तीच पातळ आवाजातली गंमत, ती पुरते. गाणं रेडिओतून येतंय असं हवं असेल तर मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं, करा, ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३ किलोहर्ट्झच्या वरचं उडवा, बस.

हो, हक्कांचं राहिलं. पारंपरिक गाणं फुकट, पण त्याचं कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग उचलू नका, आपल्याकडे रेकॉर्डिंगवर ६० वर्षं हक्क असतो आणि शब्द-चालीवर ती करणारा गेल्यानंतर ६० वर्षं. 'निंबोणीच्या झाडामागे' बऱ्याच जणांना पारंपरिक वाटतं, ते १९७७ च्या सिनेमातलं आहे. आणि मी सांगितलं म्हणून भोंडलाच घेऊ नका, शब्द तुमच्या गोष्टीला लागले पाहिजेत, आणि गोष्ट काय ते तुम्ही लिहिलेलंच नाही त्यामुळे गाणं मी काय सुचवणार.

फायनल एक्सपोर्ट मात्र स्वतः करा. प्रोजेक्ट फाइल रात्री कुणाकडेही ठेवू नका.