टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी केबल खराब असू शकते का? क्रॉसटॉक आणि लॉस मोजायचा कसा?

हो, असू शकते. क्रॉसटॉक म्हणजे एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत गळणं, आणि लॉस म्हणजे केबलमधून जाताना सिग्नल घटणं. तुम्ही लिहिलंय की दांडिया बाजारातल्या ऑफिसात रॅकपासून टेबलांपर्यंत साधारण ७० मीटर कॅट-५ई (नेटवर्कची आठ तारांची केबल) टाकली आहे, स्विच गिगाबिट आहे, पण दोन टेबलं १०० मेगाबिटवरच जोडली जातात, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढत राहतात, आणि केबल टाकणारा दर वेळी दिव्यांचा टेस्टर दाखवून निघून जातो. मी बडोद्यात गेली सतरा वर्षं केबलिंगचंच काम करतो. तुमचं वर्णन वाचून मला मकरपुरा जीआयडीसीतलं एक ऑफिस आठवलं.

तिथेही हेच चाललं होतं. कारीगर छातीठोकपणे सांगत होता, "बधी लाइट चालू छे." लाइट खरंच चालू होती. मी आयओची (टेबलाजवळच्या नेटवर्क सॉकेटची) प्लेट काढून जॅक उलटा करून पाहिला, तर तारा रंगांच्या ओळीने बसवलेल्या: १-२ वर नारिंगी जोडी, ३-४ वर हिरवी, ५-६ वर निळी, ७-८ वर तपकिरी. रॅकच्या टोकालाही अगदी तसंच. एक नंबर एकला मिळतो, आठ आठला मिळतो, म्हणून टेस्टर खूष. पण इथरनेट ३ आणि ६ ही एक जोडी धरतं, ४ आणि ५ ही दुसरी. इथे तीनवर हिरव्या जोडीतली तार होती आणि सहावर निळ्या जोडीतली. केबलमध्ये प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात; इथे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा एका सिग्नलला जुंपलेल्या. यालाच आम्ही स्प्लिट पेअर म्हणतो. बेलने १८८१ मध्ये पेटंट घेतलं ते याच पिळाचं: जोडीतल्या दोन्ही तारांवर शेजारचा त्रास सारखाच पडावा आणि वजाबाकीत निघून जावा. पीळच फुटला तर वजाबाकी कशाची करणार?

दिव्यांचा टेस्टर फक्त बॅटरीचा करंट सोडतो. तार तुटलेली नाही, एवढंच त्यातून कळतं. क्रॉसटॉक मोजायला सर्टिफायर लागतो. तो एका जोडीत १ ते १०० मेगाहर्ट्झपर्यंत (कॅट-६ असेल तर २५० पर्यंत) सिग्नल सोडतो आणि त्याच टोकाला शेजारच्या जोडीत किती गळून आला ते बघतो. हा नेक्स्ट, म्हणजे जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक. चार जोड्या म्हणजे सहा जुळण्या, आणि मोजणी दोन्ही टोकांकडून, म्हणजे एकूण बारा.

दोन्ही टोकांकडून का, हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोक पैसे वाचवतात. समजा लांबच्या टोकाचा जॅक वाईट बसवलाय आणि केबलचा लॉस एका बाजूचा २० डेसिबल आहे. तुमचा सिग्नल तिथे पोचेपर्यंत २० ने घटतो आणि तिथला क्रॉसटॉक परत येताना आणखी २० ने. एकूण ४० डेसिबलच्या आड तो दोष लपतो आणि रॅककडून पाहिलं तर सगळं छान दिसतं.

आकडे वाचताना एक गोंधळ नेहमी होतो. नेक्स्टचा आकडा मोठा तितका चांगला, लॉसचा मोठा तितका वाईट. कॅट-५ई चॅनलला (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या पूर्ण जोडणीला) १०० मेगाहर्ट्झवर नेक्स्ट किमान ३०.१ डेसिबल हवा आणि लॉस २४ च्या वर जायला नको. कॅट-६ ला तिथेच ३९.९ आणि २१.३. नेक्स्ट आणि लॉस यांच्यातला फरक हीच खरी श्रीमंती: कॅट-५ई कडे जेमतेम ६ डेसिबल, कॅट-६ कडे १८ च्या वर. मकरपुऱ्याच्या त्या केबलचा नेक्स्ट २० च्याही खाली होता.

लॉस वाढवणारी गोष्ट आपल्याकडे ऊन. हे आकडे २० अंशांचे असतात. त्यावर ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि पुढे ०.६ टक्के लॉस वाढतो. पत्र्याखाली मे महिन्यात केबल ५० अंशांवर गेली की १४ टक्के झाले. म्हणजे ९० मीटरची पक्की बसवलेली लाइन ७९ मीटरवरच थकते. डिसेंबरच्या सकाळी पास झालेला रिपोर्ट अशा छताखाली मी पुरेसा मानत नाही.

सर्टिफायर भाड्याने मिळेपर्यंत मल्टिमीटरने एक गोष्ट पक्की करा. केबल दोन्ही टोकांना सोडवा, एका टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. तांब्याच्या तारेला १०० मीटरला ९.३८ ओहम ही कमाल मर्यादा, म्हणून तुमच्या ७० मीटरला जाऊन-येऊन १३ च्या आतच यायला हवेत. १८-२० आले तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ब्लेडने तार खरवडा, पांढरी निघेल. ती केबल बदलाच, तिच्यावर जॅकची मेहनत वाया घालवू नका. क्रॉसटॉक मात्र मल्टिमीटरला दिसणार नाही.

म्हणून आधी त्या दोन टेबलांचे आयओ आणि रॅकमधली त्यांची टोकं उघडा. ३ आणि ६ वर एकाच जोडीतल्या तारा आहेत का ते बघा, आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकललाय का तेही. चारही टोकांचे फोटो पाठवा, रंग स्पष्ट दिसतील असे. मी पाहून सांगतो.