बांबूची परांची खरंच सुरक्षित असते का?

लोखंडी पाइप मिळत असताना उंच इमारतींना बांबूची परांची का बांधतात आणि ती भार पेलते का, असं तुम्ही विचारलं आहे. बांधकामावर देखरेख करणं हे माझं काम आहे. चांगल्या बांबूची मला भीती वाटत नाही, भीती वाटते ती बांधणीची.

बांबूची घनता पोलादाच्या साधारण दहावा हिस्सा असते. त्याचे चिवट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाटलेले असतात, त्यामुळे वजनाच्या मानाने तो भरपूर भार घेतो. क्रेनशिवाय वर चढवता येतो, जागेवर कापता येतो, वेड्यावाकड्या भिंतीलाही जुळवून घेता येतो.

पण उभा बांबू जास्त भाराने चिरडत नाही, तो बाक येऊन जातो. म्हणून आडवे बांबू महत्त्वाचे. दोन आडव्यांमधलं अंतर दुप्पट झालं की सडपातळ उभ्या बांबूची ताकद जवळजवळ चौथाईवर येते. प्लास्टर करणारा किंवा रंगारी 'मध्ये येतोय' म्हणून एखादा आडवा सोडतो, तेव्हा नेमकं हेच होतं, आणि खालून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. अशी सोडलेली गाठ दिसली की मी काम थांबवतो, कोणी कितीही चिडलं तरी. भिंतीशी बांधलेले आधार काढणं तितकंच घातक, कारण जाळी लावलेली परांची वाऱ्याचा मोठा जोर अंगावर घेते.

हाँगकाँगमध्ये ही कला फार पुढे गेली. तिथे 3 ते 5 वर्षं वयाचे, निदान 3 महिने वाळवलेले बांबू आणि नायलॉनच्या पट्ट्या वापरण्याचा दंडक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या ताइ पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना आग लागून दीडशेहून जास्त माणसं गेली. बांबू जळतो, हे नाकारून चालणार नाही. पण आग पसरवण्यात निकृष्ट जाळी आणि खिडक्यांवर लावलेल्या फोमचा मोठा हात होता. परांचीवर काय गुंडाळलंय, तेही तुम्ही विचारा.

बाकी पाहायचं ते असं: चिरलेला किंवा किडीने पोखरलेला बांबू नको, सांध्यावर दोन बांबू दीड-दोन मीटर एकमेकांवर चढलेले हवेत, तिरक्या कैच्या, म्हणजे उभ्या-आडव्यांना तिरके बांधलेले बांबू, हव्यात. वादळ-पावसानंतर जाणकाराने तपासल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका. हाँगकाँगमध्ये तर हवा चांगली असली तरी दर 14 दिवसांनी तपासणी करावीच लागते.